पितृपक्षातली पिन

माझा मुलगा अच्युत आजवर माझ्या शब्दाबाहेर गेला नाही, हे मी चार बायकांत मुद्दाम मोठ्यानं सांगायची. शाहपुऱ्याच्या आमच्या भजनी मंडळात ज्यांचे मुलगे बायकोच्या ओंजळीनं पाणी प्यायचे, त्यांच्याकडे बघून सांगायची. पन्नाशी उलटली, सिंचन खात्यात बडा बाबू झाला, तरी आईला विचारल्याशिवाय घरातला पंखासुद्धा बदलायचा नाही. आता मी हे कोणाला सांगत नाही.

सगळं झालं ते शेअरांपायी, म्हणून तिथूनच सांगते.

आमचे हे सरकारी छापखान्यात फोरमन होते. सासरे नागपूरहून कचेरीबरोबर भोपाळला आले, तेव्हापासून आम्ही इथलेच. ह्यांना पानाचा नाद नाही, पत्त्यांचा नाही. खोड एकच. रेवातट केबल म्हणून एक कंपनी होती, तिचे शेअर घ्यायचे. वर्षाचा बोनस मिळाला की त्यातले थोडे पैसे तिकडे. मी म्हणायची, "कागदं काय चाटायची आहेत? एखादी पाटली तरी करा." हे हसायचे. नवरात्रात हत्यारं पुजायची तेव्हा पाटावर माझी विळी, वरवंटा, ह्यांचे छापखान्यातले चिमटे आणि त्यांच्या शेजारी रेवातटची कागदं. त्यांच्यावर फूल वाहताना माझ्याकडे मुद्दाम बघायचे.

हे गेले त्याला आता अकरा वर्षं झाली. गेल्यावर अच्युतनं सगळं मांडलं तर दोन हजार शेअर निघाले. ते माझ्या नावावर झाले. हल्ली कागदं नसतातच, सगळं फोनमध्ये असतं. मी जुन्या कागदांच्या झेरॉक्सची पूजा करायची. विकायचं नाव कोणी काढलं की सांगायची, "ह्यांच्या हातचं आहे ते." पुढं बोलायची कोणाची छाती नव्हती.

मग सुरुचीचं पत्र आलं. सुरुची म्हणजे अच्युतची एकुलती एक, माझी नात. इथंच इंजिनियर झाली आणि तिला पुढं शिकायला स्कॉटलंडात जागा मिळाली. पाण्याचं शास्त्र. नद्या, तलाव, जमिनीतलं पाणी, असलं काहीतरी. फीचा थोडा भाग शिष्यवृत्तीतून सुटणार होता, पण त्याच वर्षापुरता. राहणं-खाणं धरून वर चोवीस लाख आपले. आणि ते नोव्हेंबरच्या आत बँकेत येऊन अठ्ठावीस दिवस नुसते पडून दिसले पाहिजेत, तरच व्हिसा.

मी शाळेत चौथीपर्यंत गेले. पाचवीच्या वर्गात पुढचा बाक मिळणार म्हणून मी आधीच त्यावर नाव कोरून ठेवलं होतं. पण घरात धाकटी भावंडं होती, ती कोण सांभाळणार? नाव तिथंच राहिलं. सुरुचीचं पत्र आलं तेव्हा मी अख्ख्या गल्लीत पेढे वाटले. सूनबाई, म्हणजे अलका, म्हणाली, "आई, जायचं नक्की झालं की वाटू." मी म्हटलं, "तुला कोणी अडवलंय? तू तेव्हा वाट."

आणि मीच अच्युतला म्हणाले, "शेअर वीक."

तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला.

"पण दसरा होऊ दे. पाटावर एकदा शेवटची पूजा होऊ दे. मग वीक."

"आई, आता जुलै आहे. दसऱ्याला तीन महिने. सगळे पैसे एकाच कंपनीत आहेत. तेवढ्यात भाव पडला तर?"

"ह्यांनी घेतलेलं पडत नाही."

अच्युतनं वाद घातला नाही. तिसऱ्या दिवशी मला जितेंद्रकडे घेऊन गेला. तलावाच्या रस्त्याला जितेंद्रचं शेअरचं ऑफिस आहे. घराणं अमरावतीचं, पण तीन पिढ्या इथं गेल्या, त्यामुळे बोलतो निम्मं हिंदी.

"आंटीजी, पुट ले लो," तो म्हणाला. "बघा, आज रेवातट आहे चौदाशेला. तुम्ही महिन्याचे बावीस हजार भरायचे. महिनाभरात भाव पाचशे होवो नाहीतर पन्नास, तेराशेनं विकायचा हक्क तुमचा. समोरच्याला घ्यावेच लागतील."

"आणि पडलाच नाही तर?"

"तो बावीस हजार गए. महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी तो पुट संपला. पुढच्या महिन्यासाठी नवा घ्यायचा."

"म्हणजे घर जळालं तर पैसे, उभं राहिलं तर दंड."

"घर जळालं तरी रस्त्यावर येत नाही, आंटीजी. बस इतना ही."

परतताना रिक्षात अच्युतनं मला पुन्हा समजावलं. "आई, बायका पदराला पिन लावतात ना? पदर काय रोज घसरतो? पण लावतात."

"मी नाही लावत. माझा पदर माझ्या खांद्यावर राहतो. पन्नास वर्षांत घसरला नाही."

रिक्षावाला हसला. अच्युत हसला नाही. "मग माझ्या जिवाला शांतता म्हणून लाव," एवढंच म्हणाला. मी सह्या केल्या.

तेव्हापासून घरात पुट कोणी म्हणेना. पिन. "या महिन्याची पिन लागली का?" खातं माझ्या नावाचं, म्हणून नंबरही मी माझाच द्यायला लावला होता. अच्युतनं त्याच्या फोनवर काही करायचं म्हटलं की ओटीपी माझ्या फोनवर यायचा. मी चष्मा लावून एकेक आकडा वाचून दाखवायची. माझ्या कुलपाची किल्ली माझ्या कमरेला. मला ते आवडायचं, खोटं कशाला सांगू?

जुलैची पिन वाया गेली. ऑगस्टचीही गेली. भाव पडला नाही, उलट दहा-वीस रुपये चढलाच. मग माझी जीभ काय थांबते!

"बावीस-बावीस हजारांच्या दोन पिना! सोन्याच्या आल्या असत्या की रे. वर खडा बसला असता."

"आजी, टेन्शन मत ले यार," सुरुची म्हणायची. "बाबा सेफ खेळतायत. याला हेजिंग म्हणतात. मोठमोठ्या कंपन्या करतात."

"मोठ्या कंपन्यांना आई नसते विचारायला."

अलका पोळ्या लाटता लाटता तोंडाला पदर लावून हसायची. अच्युत बिचारा म्हणायचा, पौंड महाग झाला तर फी वाढेल, त्याचीही पिन मिळते. मी म्हटलं, "माणसानं अंगभर पिनाच टोचून फिरायचं का मग?" तो विषय तिथंच संपला.

गणपती विसर्जनाच्या दिवशी त्यानं पुन्हा विचारलं. "आई, उद्यापासून पक्ष लागतोय. सप्टेंबरची पिन पक्षातच संपते. पक्षात तू काही घेऊ देणार नाहीस, म्हणून ऑक्टोबरची आजच घेऊन ठेवतो."

किती बरोबर बोलला होता! मी काय म्हणाले? "आधीची अजून जिवंत आहे ना? मग एकावर एक दोन पिना? लुगड्याला भोकं पाडायची आहेत का?" घरात पाहुणे होते. ते खो खो हसले. अच्युतनं फोन खिशात टाकला.

आमच्याकडे पितृपक्ष कडक. सासूबाईंपासून चालत आलेलं. त्या पंधरा दिवसांत घरात नवी वस्तू येत नाही. केरसुणी मोडली तर तशीच वापरायची, पण नवी सर्वपित्रीनंतर. ह्यांची तिथी दशमी. त्या वर्षी दशमी शुक्रवारी आली, आणि आदल्या दिवशी गुरुवारी सप्टेंबरची पिन संपली होती.

सकाळपासून अलका वड्यांच्या मागे होती. सुरुची तिच्या कागदपत्रांसाठी बाहेर गेली होती. गुरुजींचं पान वाढून झालं आणि मी मागच्या अंगणात भिंतीवर कावळ्याचा घास ठेवायला गेले. ह्यांना आवडायची म्हणून गवारीची भाजी, खीर, दोन वडे. हात जोडून उभी होते, तेवढ्यात मागून अच्युत आला.

"आई, फोन कुठंय तुझा?"

"कमरेला. का?"

"ओटीपी आला असेल. वाचून दाखव. ऑक्टोबरची पिन लावतोय. आज बाजार उघडा आहे, मग सोमवार."

मी वळून बघितलं. "आज?"

"कालची संपली, आई. आत्ता आपल्याकडे काहीच नाही."

"तुझ्या बापाचं पान वाढलंय भिंतीवर. त्यानं पै-पै जोडून घेतलेले शेअर. आणि त्याच्या तिथीला तू ते पडणार म्हणून पैसे लावतोस? लाज नाही वाटत?"

"पडणार म्हणून नाही गं. पडले तर म्हणून."

"पक्षात नवं काही घ्यायचं नाही. घटस्थापनेला घे. पाच-सहा दिवसांत काय आभाळ कोसळतंय?"

"आई, ऐक ना. सुरुचीचं आहे हे."

कमरेला फोन थरथरला. ओटीपी आला होता. मी हातसुद्धा लावला नाही.

"सुरुचीचं आहे म्हणूनच सांगते. पितरांचा तळतळाट घेऊन पोरीला परदेशी पाठवायचंय का?"

भिंतीवर कावळा आला आणि वडा उचलून गेला. मी म्हटलं, "बघ. तेही खूश आहेत." अच्युत आत गेला.

सोमवारी दुपारी तीनच्या सुमाराला जितेंद्रचा फोन आला. रेवातटचे मालक काही वर्षं खोटा नफा दाखवत होते, ते सकाळी उघडकीला आलं. चौदाशेचा भाव आठशे साठवर आला होता. अच्युत ऑफिसातून धावत घरी येईपर्यंत बाजार बंद झाला. मंगळवारी सकाळी सहाशे दहा. जितेंद्र फोनवर म्हणत होता, "अच्युतभैया, पुट है ना अपना? तेराशेवाला?" अच्युत नुसता 'नाही' म्हणाला.

मी तेव्हा म्हणाले, "पडलाय तर चढेलही. ह्यांच्या हातचं आहे." बुधवारी गांधी जयंतीची सुट्टी, सर्वपित्रीही तेव्हाच. गुरुवारी घट बसले आणि पाचशे ऐंशीनं सगळं विकलं. दोन हजार शेअर. चोवीस लाख लागत होते, बारासुद्धा आले नाहीत.

त्या संध्याकाळी सगळे जेवायला बसलो. सुरुची पानावर आली, पण जेवेना. तिनं बापाला विचारलं, "बाबा, पिन का नव्हती? दर महिन्याला असायची ना? या महिन्यालाच कशी नव्हती?"

अच्युतनं आमटीत बोट घातलं. माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाला, "राहून गेलं. विसरलो."

"भूल गए?"

"ऑफिसात काम होतं. लक्षातून गेलं."

मी समोरच बसले होते. बोलायला एक घास गिळण्याइतका वेळ होता. पण मी काय केलं? माझी जीभ सवयीनं निघाली. "एवढंसं काम ते! पोरीचा जन्म टांगलाय त्यावर, आणि विसरतोस कसा रे?"

असं म्हणाले मी. मुलीसमोर, बायकोसमोर. त्यानं माझ्याकडे एकदा बघितलं. राग नव्हता त्यात. लहानपणी ताप आला की कडू औषधाच्या चमच्याकडे बघायचा, तसं बघितलं, आणि भात कालवला.

अलका उठता उठता म्हणाली, "आता लावा पिन. पदर कधीच खाली पडलाय." ते त्याला होतं.

नंतर धावपळ केली नाही असं नाही. बँकेनं घराचे कागद मागितले. आमच्या हाउसिंग बोर्डाच्या घराची लीज नवी करायची राहिलेली. त्याला चार महिने लागतील म्हणाले. मी पाटल्या, गोठ, मोहनमाळ, सगळं काढून सुरुचीपुढं ठेवलं. तिनं डबा बंद केला. "आजी, ये सब मिलाके भी नहीं होगा. ठेव तू." नोव्हेंबरची तारीख गेली. शिष्यवृत्ती गेली. पुन्हा अर्ज करा, असं तिकडून गोड पत्र आलं.

सुरुची कोलार रोडला एका बिल्डरकडे लागली. नव्या कॉलन्यांच्या टाक्या आणि नळ मोजायचं काम. सकाळी साडेनऊला स्कूटीवर जायची, सातला यायची. आणि बापाशी बोलणं थांबलं. भांडण नाही. आदळआपट नाही. चहा त्याच्यापुढं ठेवायची, पण कप त्याच्या हातात द्यायची नाही. "आई, बाबांना सांग गॅसवाला येणार आहे." बाबा दोन हातांवर बसलेले. अच्युत म्हणायचा, "हो, सांग तिला, मी आहे घरी." अशी दोन वर्षं.

माझ्याशी मात्र ती पहिल्यासारखीच. उलट जास्त. माझ्या गोळ्या, माझ्या डोळ्यांचे थेंब. रविवारी मला जवाहर चौकात घेऊन जायची, खांद्याला धरून रस्ता ओलांडवायची. "आजी, तू एकटी होतीस जी मला पाठवायला मागत होती," म्हणायची. मी ऐकून घ्यायची.

अच्युतनं मला एकदाही काही म्हटलं नाही. मीच एकदा स्वयंपाकघरात पुटपुटले, "सांगून टाक ना तिला." तो म्हणाला, "काय सांगू? की आजीनं? राहू दे. मी बाप आहे, माझ्यावरचा राग ती पेलेल. तुझ्यावरचा नाही." भांडं धुतलं आणि गेला. मला बरं वाटलं. ते बरं वाटलेलं मी विसरलेले नाही.

या वर्षीची दशमी. गुरुजी पाटावर बसले. ताम्हन, पळी, तीळ सगळं मांडलं आणि लक्षात आलं, दर्भ नाही.

"अच्युतराव, दर्भ?" गुरुजी म्हणाले.

सुरुची सुट्टी काढून घरी होती. पानं पुसत होती. वर न बघता म्हणाली, "विसरले असतील. सवयच आहे त्यांना."

बाहेरच्या माणसासमोर ती पहिल्यांदा असं बोलली. अच्युतनं चपला शोधायला सुरुवात केली. "हो, राहिलंच. आणतो, पाच मिनिटांत."

राहिलं नव्हतं. आदल्या संध्याकाळी तो बाजारात निघाला तेव्हा मीच म्हणाले होते, दर्भ आहे माझ्या डब्यात, उगीच आणू नकोस. डबा रिकामा निघाला. तो तेही आपल्या अंगावर घेऊन निघाला होता.

"थांब, अच्युत. चपला काढ."

"आई, गुरुजी खोळंबलेत."

"खोळंबू देत. दर्भ आणू नकोस, हे काल मी सांगितलं." मी भिंतीचा आधार घेतला. "आणि त्या वर्षीची पिनही मीच लावू दिली नाही."

अच्युत म्हणाला, "आई, आज नको."

"आजच. हीच तिथी होती." मी सुरुचीकडे बघितलं. "तुझा बाप विसरला नव्हता गं. विसर्जनाच्या दिवशीच आधी घेऊन ठेवतो म्हणाला, तेव्हा मी चारचौघांत त्याची थट्टा केली. मग मागच्या अंगणात तो माझ्यामागे येऊन उभा राहिला. ओटीपी माझ्या कमरेला वाजत होता. मी दिला नाही. पक्षात नवी खरेदी नको म्हणून."

अलका झारा हातात घेऊन दारात आली होती. तेल फरशीवर ठिबकत होतं.

सुरुचीनं हातातलं पान खाली ठेवलं. "बाबा?"

अच्युत चपला काढू लागला.

"बाबा, दो साल. दोन वर्षं मी तुमच्याशी..." तिनं पुसायचं फडकं बाजूला टाकलं. "तुम्ही सांगितलं का नाही?"

"आजी आहे तुझी," तो म्हणाला. "या वयात तिला कोणी बोललेलं मला चाललं नसतं."

"आणि त्यांना बोललेलं तुम्हाला चाललं, आई?" हे अलकानं विचारलं. तीस वर्षांत तिनं मला कधी प्रश्न विचारला नव्हता. "पानावर बसून काय म्हणाला होतात, आठवतं? पोरीचा जन्म टांगलाय त्यावर. मी त्या रात्री ह्यांना काय काय बोलले असेन, तुम्हाला माहीत आहे?"

मला माहीत नव्हतं. पण भिंतीपलीकडून आवाज आला होता. मी कूस बदलली होती.

गुरुजी घसा खाकरून म्हणाले, "दर्भ नसेल तर दूर्वाही चालतील." सुरुची उठली, अंगणात गेली, मूठभर दूर्वा घेऊन आली आणि गुरुजींना न देता बापाच्या हातात दिल्या. तो हात तिनं सोडला नाही. तसाच धरून रडली. अच्युत म्हणत होता, "वडे निवतायत, वडे निवतायत." घास मी भिंतीवर ठेवला. कावळा आला की नाही, बघायला थांबले नाही.

दुसऱ्या दिवशी मी एकटी जितेंद्रच्या ऑफिसात गेले. पायी. त्याला म्हटलं, त्या खात्यात जे उरलंय ते सुरुचीच्या नावावर कर. फोनचा नंबरही तिचा टाक.

"आंटीजी, पक्ष चल रहे हैं," तो म्हणाला. "नवीन खातं उघडावं लागेल. आपके यहाँ तो चालत नाही ना? नवरात्रात करू."

"आज कर."

"चार दिवसांची तर गोष्ट आहे."

"तेव्हाही पाच-सहाच दिवसांची होती. कागद काढ."

मी सात ठिकाणी सह्या केल्या.

सुरुचीनं पुन्हा अर्ज केलाय. या खेपेला शिष्यवृत्ती नाही. तिनं दोन वर्षांत साठवलेले, माझ्या खात्यातून गेलेले, आणि घराचे कागद अच्युतनं मधल्या काळात नीट करून घेतले होते, त्यावर बँक देईल ते. होईल की नाही, अजून कोणाला माहीत नाही. जेवण झालं की बापलेक पुढच्या खोलीत बसतात, एका फोनमध्ये डोकी घालून. काल ऐकू येत होतं.

"बाबा, पाउंडाची पिन घ्यायची ना या वेळी? तो वर गेला तर?"

"घ्यायची. मार्चपर्यंतची. महाग पडेल जरा."

"पडू दे. घ्या, ओटीपी आया. चार, शून्य, सात..."

दोघं हसली कशाला तरी. अलका आतून म्हणाली, "मलाही सांगा की काय झालं." ती पण जाऊन बसली.

सुरुची मला गोळ्या देते. थेंब घालते. डोळा उघडा धरायला बोट लावते ते हलकंच लावते, दुखवत नाही. काही विचारलं तर उत्तर देते. रविवारी जवाहर चौकात नेत नाही, काम आहे म्हणते. आजी म्हणून हाक मारत नाही. मी दोष देत नाही. बापाशी दोन वर्षं तसं वागली, मला अजून महिनाही झालेला नाही.

माझा फोन मी कमरेला लावायचं सोडलं. देवघराच्या फळीवर ठेवते, ह्यांच्या फोटोखाली. रोज चार्जिंगला लावते. वाजत नाही.